टर्नटेबल घेताना आधी आर्मला हात लावा

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, टेक्निक्सचा टर्नटेबल मिळतोय, थेट जपानहून आलेला. समोरचा म्हणतो आत्ताच पैसे टाक, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." मी म्हटलं, "एवढी घाई करणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये. मागच्या लेबलवर किती व्होल्ट लिहिलंय तेवढं विचारून ठेव, उद्या आपण दोघं जाऊन बघू." दुसऱ्या दिवशी गेलो, पाऊण तास तपासला आणि न घेता परत आलो. त्या पाऊण तासात त्याला जे दाखवलं ते इथे सगळं लिहितोय. हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात.

मी भोसरीला एका टूलरूममध्ये काम करतो, बावीस वर्षं झाली. बेअरिंग, शाफ्ट, रनआउट, मायक्रॉन यातच दिवस जातो. शनिवारी रात्री दोन टर्नटेबल आणि एक मिक्सर मांडून रेकॉर्ड वाजवतो: डिस्को, फंक, जुनं हाउस. रविवारी सकाळी त्यातल्याच एका टर्नटेबलवर आबांच्या एलपी लागतात. आबांनी पगारातून पैसे बाजूला काढून शास्त्रीय गाण्याच्या एलपी जमवल्या, आणि त्यांच्याही वडिलांच्या वेळच्या नाट्यगीतांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या जपल्या. डीजेची गरज आणि निवांत ऐकणाऱ्याची गरज, दोन्ही माझ्या एकाच टेबलावर आहेत. (आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. मी बोलतोय ते रेकॉर्डवर हात ठेवून, एका गाण्याच्या लयीत दुसरं गाणं मिसळणाऱ्या माणसाबद्दल.)

अनुभवाने माझं मत पक्कं झालंय. चांगला डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल दोन्ही कामं उत्तम करतो. पण घेताना लोक मोटर बघतात आणि फसतात आर्ममध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीत.

डायरेक्ट-ड्राइव्ह म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. बेल्ट-ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवतो. नुसतं ऐकायला त्यात काहीच वाईट नाही, उलट मोटरची थरथर पट्टा गिळून टाकतो. पण रेकॉर्ड हाताने धरली, मागे घेतली आणि सोडली, की पट्टा घसरतो, ताणतो आणि वेगावर यायला वेळ खातो. डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये मधे पट्टाच नाही. मोटरचा अक्ष तोच प्लॅटरचा अक्ष. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जमवलं आणि १९७० मध्ये त्यांच्याच टेक्निक्स या ब्रँडचा एसपी-१० बाजारात आला, तोही रेडिओ स्टेशनांच्या कामासाठी. १९७२ मध्ये एसएल-१२०० आला, तो घरी ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी तो आपलासा केला ती पुढची गोष्ट. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. दोन टर्नटेबलवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवून नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवत न्यायची पद्धत त्याच्यापासून रुजली. १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये क्वार्ट्झने (घड्याळात असतो तसल्या स्फटिकाने) वेग बांधला गेला आणि पिचसाठी, म्हणजे वेग किंचित कमी-जास्त करायला, लांब सरकता स्लायडर आला. आज बहुतेक कंपन्यांचे डीजे टर्नटेबल बघा, मांडणी एमके२ चीच दिसेल: डाव्या कोपऱ्यात मोठं स्टार्ट-स्टॉप बटण, उजवीकडे पिच, मागे इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला आर्म.

आता तपासणी. जाताना माझ्या पिशवीत पाच वस्तू असतात: माझी स्वतःची कार्ट्रिज (सुई बसते तो छोटा भाग) बसवलेलं हेडशेल (आर्मच्या टोकाला लागणारा सुटा तुकडा), सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा, टॉर्च, पेन्सिल आणि आलापाची एक एलपी, जिच्यात पहिली दीड मिनिटं तानपुरा स्पष्ट ऐकू येतो. आपली सुई न्यायचीच. विकणाऱ्याची सुई झिजलेली असेल तर दोष यंत्राचा की सुईचा हे कळणार नाही.

सुरुवात मोटरपासून करा, कारण ती लवकर उरकते. स्टार्ट दाबा आणि डोळे प्लॅटरच्या काठावर ठेवा. एसएल-१२०० एमके२ च्या माहितीपत्रकात आकडा आहे ०.७ सेकंद, म्हणजे जेमतेम पाव फेऱ्यात पूर्ण वेग. दीड फेरा लागत असेल तर काहीतरी बिघडलंय. स्टॉप दाबला की प्लॅटर नीट थांबला पाहिजे. थांबताना उलटा झटका देत असेल तर ब्रेकची सेटिंग जास्त घट्ट आहे. ती आत जुळवता येते, त्यासाठी यंत्र नाकारू नका. मग काठावरचे ठिपके बघा. कोपऱ्यातल्या लाल स्ट्रोब दिव्यात, पिच शून्यावर असताना, ठिपक्यांची एक ओळ जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. टेक्निक्सवर बाकीच्या ओळी अधिक ६, अधिक ३.३ आणि उणे ३.३ टक्क्यांच्या असतात. पिच त्या आकड्यावर नेला की ती ती ओळ थांबली पाहिजे. आता अंगठा काठाला अगदी हलका टेकवा. ठिपके क्षणभर डळमळून पुन्हा स्थिर झाले तर क्वार्ट्झ त्याचं काम करतंय.

पेन्सिल प्लॅटरच्या काठाशी केसभर अंतरावर धरा आणि एक फेरा होऊ द्या. फट कमी-जास्त होत असेल तर प्लॅटरला कधीतरी मार बसलाय. कारखान्यात मी हेच काम डायल गेजने करतो, पण घरच्या तपासणीला पेन्सिल पुरते.

इथपर्यंत त्या दिवशी सगळं झकास होतं. विकणारा म्हणाला, "मोटर बघा, एकदम बटर." खोटं बोलत नव्हता, मोटर खरंच उत्तम होती. या मोटरीत घासणारं असं फार काही नसतं, त्यामुळे ती चाळीस-चाळीस वर्षं टिकते. म्हणून मोटर चांगली निघाली तर खूश होऊन थांबू नका. ती बहुतेक वेळा चांगलीच असते.

टॉर्कच्या, म्हणजे मोटरच्या फिरवायच्या जोराच्या, आकड्यांचंही इथेच सांगून टाकतो. एमके२ चा सुरुवातीचा टॉर्क १.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर. पायोनियर पीएलएक्स-१००० चा ४.५. तीन पट. म्हणून पीएलएक्स तीन पट चांगला का? नाही. दीडवर जगभरच्या डीजेंनी तीस वर्षं सेट वाजवलेत. जास्त टॉर्कने हात सोडल्यावर रेकॉर्ड चटकन वेग धरते, रोज स्क्रॅच करणाऱ्याला (रेकॉर्ड हाताने भराभर मागे-पुढे करून आवाज काढणाऱ्याला) त्याचा उपयोग होतो. पण बोटाने प्लॅटर हलकेच मागे ओढून लय जुळवायची ज्याला सवय आहे, त्याला ४.५ वर हात नव्याने बसवावा लागतो. ऐकणाऱ्याला यातल्या कशानेही फरक पडत नाही. त्याला हवी वेगाची स्थिरता.

स्थिरता तपासायला माझ्याकडे तानपुरा आहे. ड्रमच्या गाण्यात वेगाचा बारीक डुगडुग लपून जातो. तानपुऱ्यात लपत नाही. षड्ज धरून ठेवलेला असतो, तो एवढासा जरी वर-खाली झाला तरी कान पकडतो. मी आलापाची एलपी लावतो, डोळे मिटतो आणि मिनिटभर नुसता सा ऐकतो. सूर झोका घेतल्यासारखा हलत असेल तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. किती वेळाने हलतोय ते मोजा. ३३ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. बरोबर तेवढ्याच अंतराने सूर हलत असेल तर बहुतेक वेळा रेकॉर्डचं मधलं भोक केंद्रात नसतं. तशा एलपी आबांच्या साठ्यातही आहेत. सुई चालू असताना आर्मकडे समोरून बघा, दर फेऱ्याला तो डावी-उजवीकडे डुलताना दिसेल. दुसरी रेकॉर्ड लावल्यावर डुलणं गेलं तर यंत्र निर्दोष. पण प्रत्येक रेकॉर्डवर, अनियमित वेळाने सूर थरथरत असेल, तर तो टर्नटेबल घेऊ नका.

पिचच्या स्लायडरबद्दल ऐकणारे म्हणतात, "आम्हाला काय करायचंय." त्यांना मी आबांची एक ७८ ची तबकडी ऐकवतो. ७८ च्या जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ च्याच वेगाने ध्वनिमुद्रित झाल्यात असं नाही. नाट्यगीत काळी एकच्या जरा वर, काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी लटकतं. पेटी पुढ्यात घेतो आणि पिच सरकवत गाणं नेमक्या स्वरावर आणून ठेवतो. जवळजवळ ६ टक्के म्हणजे एक पूर्ण पट्टी, उदाहरणार्थ पांढरी एकवरून काळी एक. त्यामुळे ८ टक्क्यांचा पिच या कामाला भरपूर झाला. गाणं नेमक्या पट्टीत आल्यावर आवाजाचा पोत बदलतो, गायक अचानक खराखुरा माणूस वाटायला लागतो. डीजेसाठी हिशोब वेगळा: मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं ८ टक्क्यांच्या पिचवर साधारण ११० पासून जवळजवळ १३० पर्यंत जातं. हाउस आणि डिस्को मिसळायला पुरे. १६ किंवा ५० टक्क्यांची सोय असली तर असू दे, पण तेवढ्याच लांबीच्या स्लायडरवर जास्त टक्के बसवले की बारीक जुळवणी अवघड होते.

तपासताना स्लायडर टोकापासून टोकापर्यंत अगदी हळू सरकवा. कुठे खरखर, कुठे अडखळणं नको. शून्याच्या आसपास खास लक्ष द्या. जुन्या एमके२ मध्ये शून्याला टिक करून खाच लागते आणि हिरवा दिवा पेटतो. त्या खाचेच्या आजूबाजूला वेग बदलायलाच तयार नसतो अशी यंत्रं मी पाहिलीत. ०.२ टक्क्यांनी लय जुळवणाऱ्याला ती अजिबात चालणार नाहीत.

आणि आता आर्म. इथे पाच मिनिटं द्यायची असतील तर पंधरा द्या.

आपलं हेडशेल लावा. मागचं वजन फिरवत आर्म असा तोला की तो तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल, ना खाली झुकेल ना वर उठेल. सुई कशालाही टेकणार नाही एवढी काळजी घ्या. अँटी-स्केट (आर्मला किंचित बाहेर ओढणारी सेटिंग) शून्यावर. आता आर्म तरंगतोय, म्हणजे त्याला अडवायला बेअरिंगशिवाय काही नाही. हेडशेलच्या बाजूने हळूच फुंकर मारा, चहा निववताना मारतो तेवढीच. आर्म संथपणे आत सरकला पाहिजे आणि सरकत राहिला पाहिजे. मग उलट्या बाजूने फुंकर. जाताना-येताना कुठेही थबकता कामा नये.

भाच्याला त्या दिवशी हेच करायला सांगितलं. आर्म बाहेरून छान निघाला, अर्ध्या रेकॉर्डपर्यंत आला आणि लेबलच्या दोन बोटं आधी थांबला. पुन्हा फुंकर, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. बेअरिंगच्या वाटीत त्या जागी खड्डा पडला असणार. आर्मला जोरात धक्का बसला किंवा वाहतुकीत क्लिप न लावता तो आपटत आला की असं होतं. ऐकताना त्याचा परिणाम काय? गाण्याच्या शेवटाकडे आवाज फाटायला लागतो, किंवा सुई तिथेच अडकून तोच तुकडा परत परत वाजतो. माणूस रेकॉर्डला दोष देतो, मग सुई बदलतो, मग कार्ट्रिज बदलतो. दोष असतो एवढ्याशा बेअरिंगमध्ये.

दुसरी तपासणी प्लेची, म्हणजे बेअरिंगमधल्या ढिलाईची. आर्मची नळी बेअरिंगच्या जवळ दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवायचा अगदी किंचित प्रयत्न करा. टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं झालंय. ढिलं बेअरिंग घट्ट करता येतं, पण ते हाताने कळणारं काम आहे. अर्धा आटा जास्त फिरला की ढिला आर्म जाम होतो. हे काम नीट करणारा माणूस तुमच्या गावात आहे का, हे आधी शोधा, मगच ढिल्या आर्मचा टर्नटेबल स्वस्तात घ्या.

त्याखाली आर्मची उंची बदलायचं कडं असतं, टेक्निक्सवर ० ते ६ मिलिमीटर. त्याचा लॉक सोडून ते फिरतंय का बघा. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न हलवलेलं कडं घट्ट बसतं. शेवटी मागच्या वायरी. गाणं चालू असताना दोन्ही आरसीए केबल मुळाशी हलवा. एका बाजूचा आवाज जात-येत असेल तर जुन्या यंत्रांत केबल आतून डाग दिलेली (सोल्डर केलेली) असते, नवी जोडावी लागेल. हा खर्च फार नाही, किंमत कमी करून घ्या आणि पुढे जा.

एस आकाराचा आर्म घ्यावा की सरळ, असंही विचारतात. डीजे टर्नटेबलवरचा सरळ आर्म स्क्रॅच करताना कमी उडी मारतो, पण त्यात सुईचा खाचेशी होणारा कोन चुकलेला असतो आणि तो ऐकताना जाणवतो. दोन्ही कामं करायची असतील तर एस. यावर मी जास्त चर्चा करत नाही.

व्होल्टेजचं मात्र चर्चेशिवाय पाळा. २०१४ मध्ये मी स्वतः जपानहून आलेला एक टेक्निक्स घेतला होता. विकणाऱ्याने "इंडियात चालतो" म्हणून सांगितलं, मी लेबल वाचलं नाही. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. घरी आणून प्लग लावला, दिवा पेटला, चार-पाच सेकंदांत जळका वास आला. आतला ट्रान्सफॉर्मर गेला होता. तसाच दुसरा मिळवून बसवायला सात महिने लागले. आबा रोज विचारायचे, "झाला का रे?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. त्यानंतर मी कुठलंही यंत्र आधी उलटं करून लेबल वाचतो. १०० व्होल्टचं घेऊ नये असं नाही. चांगल्या प्रतीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मधे कायमचा लावायचा आणि टर्नटेबलच्या प्लगवर लाल टेप गुंडाळायची, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून थेट भिंतीत लावणार नाही.

नवं घ्यायचं असेल तर काय? टेक्निक्सने २०१० मध्ये उत्पादन थांबवलं होतं, २०१६ मध्ये महागड्या एसएल-१२००जी ने पुन्हा सुरुवात केली आणि २०१९ मध्ये डीजेंसाठी एमके७ आणला. त्यात ७८ चा वेग आहे आणि केबल सुट्या आहेत. हातात घेतल्यावर एमके२ पेक्षा हलका लागतो, पण आर्म चांगला आहे. शिवाय नवा असल्यामुळे मघाचं बेअरिंगचं पुराण टळतं. माझ्यासारखी दोन्ही कामं असतील तर माझी शिफारस एमके७. पीएलएक्स-१००० दणकट आहे, वजन तेरा किलो, क्लबमध्ये ठेवायला फार चांगला. पण त्यात ७८ नाही, आणि आजोबांच्या तबकड्या असलेल्या घरात ती मोठी उणीव. एमके२ मध्येही ७८ नाही, म्हणून माझा दुसरा टर्नटेबल वेगळा आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स ऐकायला सुरुवात करणाऱ्याला चांगला: फोनो प्रीॲम्प (सुईचा बारीक आवाज वाढवून ॲम्प्लिफायरला देणारा भाग) आतच, तिन्ही वेग, सोबत व्हीएम९५ई कार्ट्रिज. घरी लय जुळवायचा सराव करायलाही चालेल. रोजच्या स्क्रॅचला त्याचा जोर कमी पडतो.

डीजे व्हायचं म्हणून एकदम दोन स्वस्त टर्नटेबल घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एक चांगला घ्या. सहा महिने त्या एकावर रेकॉर्ड सोडणं, धरणं, समेवर आणणं शिका, दुसऱ्या बाजूला फोन लावून त्याच्या गाण्याशी लय जुळवा. मग दुसरा घ्या. हलक्या यंत्रावर हाताला लागलेली सवय पुढे मोडायला फार त्रास होतो. पैशाचे दहा भाग केले तर सहा टर्नटेबलला, दोन कार्ट्रिजला, एक फोनो प्रीॲम्पला आणि एक साफसफाईचा ब्रश, काटा, बरी केबल यांना, असा माझा हिशोब आहे.

कार्ट्रिज ही दोन्ही जगांमधली खरी सीमारेषा. टर्नटेबल एकच ठेवा, हेडशेल दोन ठेवा. डीजेच्या हेडशेलवर गोल टोकाची सुई, वजन तीन ते चार ग्रॅम, म्हणजे रेकॉर्ड मागे-पुढे केली तरी सुई खाच सोडत नाही. ऑर्टोफॉनची कॉनकॉर्ड मालिका यासाठी सोयीची, हेडशेल आणि कार्ट्रिज एकच तुकडा, लावली की झालं. ऐकायच्या हेडशेलवर लंबगोल टोकाची सुई, व्हीएम९५ई ला दोन ग्रॅम, ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. ही सुई मागे फिरवायची नाही. पार्टीला आलेला मित्र "जरा स्क्रॅच करू दे" म्हणाला की आधी हेडशेल बदला. ७८ साठी तिसरी सुई हवीच. त्या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाशी घासत फिरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. व्हीएम९५ मालिकेत ७८ ची वेगळी सुई मिळते, वजन पाच ग्रॅम. ती बसवून पहिल्यांदा लावली तेव्हा आबा खुर्चीतून उठून स्पीकरजवळ येऊन उभे राहिले होते.

वजन आर्मवरच्या आकड्यावर विसंबून लावू नका, काट्यावर मोजा. काटा खरा आहे का हे बघायला २०१२ साल छापलेलं एक रुपयाचं नाणं ठेवा, ३.७९ ग्रॅमच्या आसपास दाखवलं पाहिजे. "रेकॉर्ड झिजू नये म्हणून मी एकच ग्रॅम ठेवतो," असं म्हणणारे भेटतात. नेमकं उलट होतं. कमी वजनाने सुई खाचेत नाचते, भिंतींवर आपटते आणि रेकॉर्ड जास्त खराब होते. टेक्निक्सवर हेडशेलच्या मागच्या टोकापासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर ठेवायचं. स्टीलच्या पट्टीने मोजा.

फोनो प्रीॲम्प नसेल तर थेट ॲम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला लावून बघू नका. आवाज बारीक आणि खालचे सूर गायब, असं ऐकून लोकांना टर्नटेबलच खराब वाटतो. रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. ते पूर्ववत करायचं काम प्रीॲम्पचं. डीजे मिक्सरमध्ये तो असतोच, फक्त मागचा स्विच फोनोवर आहे ना ते बघा. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर मिक्सरच्या जीएनडी स्क्रूला बांधायला विसरलात तर सतत भुणभुण येते. बांधूनही येत असेल तर भिंतीतलं अर्थिंग तपासून घ्या. आमच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नव्हती.

ठेवायची जागा. मोठ्या आवाजात खालचे सूर जमिनीतून टेबलात, टेबलातून सुईत शिरतात आणि घुमायला लागतात. मी किचनच्या ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा घेतला, दोन बाय दीड फुटांचा, कडा घासून घेतल्या आणि त्याखाली चार कोपऱ्यांना अर्धे कापलेले स्क्वॉशचे चेंडू ठेवले. त्यावर टर्नटेबल. घुमणं जवळजवळ संपलं. डीजे करताना कापडी स्लिपमॅट, ऐकताना टर्नटेबलसोबत येणारी जाड रबरी मॅट. ही बदलायला दहा सेकंद लागतात आणि फरक ऐकू येतो.

रेकॉर्ड उन्हात, गाडीच्या मागच्या काचेखाली कधीच ठेवू नका. ऐंशीच्या दशकात अंजुण्याच्या किनाऱ्यावरचे डीजे रेकॉर्ड सोडून कॅसेटवर आणि पुढे डॅटवर (डिजिटल टेपवर) वाजवायला लागले, त्यात गोव्याच्या उष्णतेचा मोठा भाग होता. वाकलेली रेकॉर्ड कुठलाही टर्नटेबल सरळ वाजवू शकत नाही. पावसाळ्यात बुरशीसाठी दर पंधरा दिवसांनी कव्हरं उघडून बघावीत, आणि आतलं कागदी पाकीट ओलसर लागलं तर बदलावं.

देखभाल फार नाही. प्लॅटर उचलायचा, खालची धूळ कोरड्या ब्रशने काढायची, सुई मागून पुढे, एकाच दिशेने साफ करायची. एमके२ च्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दर २००० तासांनी अक्षाच्या बेअरिंगमध्ये तेलाचे दोन-तीन थेंब. स्वयंपाकघरातलं किंवा केसांचं तेल नाही, शिलाई मशीनला घालतात तसलं पातळ, स्वच्छ तेल. आठवड्याला आठ-दहा तास वाजवलं तर हा आकडा यायला चार वर्षं लागतात आणि आपण विसरून जातो. म्हणून मी धुळीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तेल घातल्याची तारीख मार्करने लिहून ठेवतो. आबांच्या टर्नटेबलवर आत्तापर्यंत अशा तीन तारखा आहेत. भाच्याने शेवटी नवा एमके७ घेतला. घरी आणल्या दिवशी त्याने आधी फुंकर मारून बघितली, मग मार्कर मागितला.